सोयीचा संताप

दादरांत व्याख्यानांचा दुष्काळ कधींच नसतो. वसंत ऋतु आला कीं व्याख्यानमाला सुरू होतात, आणि विषयपत्रिकेवर दुसरें कांहीं असो वा नसो, सार्वजनिक जीवनांतील भ्रष्टाचार हा विषय असतोच. अशाच एका सभेस आम्ही अलीकडे गेलों होतों. वक्ते अभ्यासू होते. गेल्या पन्नास वर्षांतील प्रकरणांची जंत्रीच त्यांनीं श्रोत्यांपुढें ठेविली. पक्ष पाहिला नाहीं, माणूस पाहिला नाहीं. आम्हांला नवल वाटलें तें ह्या जंत्रीचें नव्हे, टाळ्यांचें. एका पक्षाच्या पुढाऱ्याचें नांव निघालें कीं सभागृहाची उजवी बाजू दणाणून जाई आणि डावी बाजू पंख्याकडे पाहत बसे. दुसऱ्या पक्षाचें नांव निघालें कीं डावीकडे चैतन्य येई आणि उजवीकडच्या मंडळींना खोकला सुटे. सभा संपवून घरीं येतांना ध्यानांत आलें कीं, आम्हीं स्वतःही कांहीं नांवांना जोरानें टाळी दिली होती, आणि कांहीं नांवें निघालीं तेव्हां चष्मा पुसावयास घेतला होता.

प्रस्तुत लेख त्या चष्म्याविषयीं आहे. भ्रष्टाचार वाईट, हें सांगावयास लेखकाची जरूर नाहीं. पण भ्रष्टाचारावरील संताप हें आतां आपल्याकडे एक वाङ्मयच होऊन बसलें आहे. अग्रलेख, व्याख्यानें, वाचकांचीं पत्रें, नाटकें, चित्रपट असे त्याचे नाना प्रकार आहेत. त्याला ठराविक अलंकार आहेत, ठराविक खलनायक आहेत. जें वाङ्मय इतकें लोकप्रिय असतें, त्याचें परीक्षण कोणी तरी केलेंच पाहिजे.

परकी सरकार होतें तोंवर हा प्रश्न सोपा होता. 1926 च्या सुमारास खुर्शेद फ्रामजी नरिमन ह्यांनीं बॅकबेच्या भरणीतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि नरिमन तींतून निर्दोष सुटले. सारी मुंबई आनंदली. नरिमनांचें धैर्य खरें होतें. परंतु टाळ्या वाजविणाऱ्यांस त्या टाळीची कांहींच किंमत द्यावी लागली नाहीं. ज्यांच्यावर ठपका येत होता, त्यांत आपला जातभाई नव्हता कीं आपला पक्षभाई नव्हता. संतापाची खरी परीक्षा पुढें, कारभार आपल्या हातीं आल्यावर, सुरू झाली.

ह्या परीक्षेचा सर्वांस आठवणारा प्रसंग म्हणजे अंतुले ह्यांचें सिमेंट-प्रकरण. अब्दुल रहमान अंतुले 1980 च्या जूनमध्यें मुख्यमंत्री झाले. त्या काळीं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतें. ठरलेल्या दरानें तें परवान्यावर मिळे, आणि तीच गोणी काळ्या बाजारांत कितीतरी चढ्या भावानें जाई. म्हणजे परवाना हाच पैसा. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान ह्या निधीला देणग्या देणाऱ्या बांधकाम-व्यावसायिकांना सिमेंट मिळतें, असा आरोप अरुण शौरी ह्यांनीं 31 ऑगस्ट 1981 रोजीं ‘इंडियन एक्स्प्रेस’ मध्यें केला. प. बा. सामंत, मृणाल गोरे प्रभृतींनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली. 12 जानेवारी 1982 रोजीं न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन ह्यांनीं देणगी आणि सिमेंट ह्यांचा संबंध मान्य केला, आणि अंतुले ह्यांना पद सोडावें लागलें. ह्या निधीचा जाहीर हेतु साहित्य आणि कला ह्यांना साहाय्य करणें हा होता, ही गोष्ट तर साहित्यिक मंडळींनीं विसरतां कामा नये. सिमेंटच्या गोण्यांवर जो पैसा गोळा होत होता, तो आमच्याच नांवानें होत होता.

निकाल योग्यच होता. तो कागदपत्रांवर उभा होता आणि अर्जदारांनीं तो चिकाटीनें मिळविला होता. पण दादरच्या गॅलऱ्यांतून त्या दिवसांत जो संताप उसळला, त्याचा हिशेब निराळा आहे. मुख्यमंत्री अन्यधर्मीय होते म्हणून त्या संतापाची धार थोडी अधिक तीक्ष्ण झाली नव्हती काय? आमच्या ऐकण्यांत जीं वाक्यें आलीं, त्यांत सिमेंटचा उल्लेख एकदां आणि त्यांच्या धर्माचा दोनदां असे. पुढें फौजदारी खटला कायद्याच्या काथ्याकुटांत वर्षानुवर्षें रेंगाळला. अंतुले 1989 पासून लोकसभेवर निवडून आले, 1995 सालीं केंद्रांत आरोग्यमंत्री झाले, 2006 सालीं पुन्हां मंत्री झाले. तेव्हां त्या गॅलऱ्या शांत होत्या. संताप न्यायासाठीं असता, तर न्याय होईपर्यंत तो टिकावयास हवा होता.

ह्याहून बोचरी गोष्ट पुढील आहे. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत 14 रुग्ण दगावले. औषध म्हणून त्यांना जें ग्लिसरॉल देण्यांत आलें, त्यांत विषारी द्रव्य होतें. चौकशीचें काम त्याच न्यायमूर्ति लेंटिन ह्यांजकडे आलें. त्यांनीं रुग्णालय, औषध-प्रशासन आणि मंत्री ह्या सर्वांचा कारभार उघडा केला. नेमक्या त्याच सुमारास, 1986 च्या मार्चमध्यें, मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर ह्यांना पद सोडावें लागलें. कारण होतें, त्यांच्या कन्येच्या एम. डी. परीक्षेंतील गुणांचें. आतां वाचकांनीं आपल्याच घरांतील वडील माणसांस विचारून पाहावें. सिमेंट आठवतें, गुणवाढ आठवते. पण ते 14 रुग्ण? न्यायाधीश तेच, शहर तेंच, वर्षही तेंच. आणि एका प्रकरणांत तर माणसें मेलेलीं. तरी स्मरण राहिलें तें गुणांचें. कारण उघड आहे. एम. डी. ची जागा आमच्या मुलांची होती, जे. जे. ची खाट आमची नव्हती. आपला संताप अन्यायाच्या आकारानें मोजला जात नाहीं, तो आपल्या उंबऱ्यापासूनच्या अंतरानें मोजला जातो.

हें झालें वर्गाचें माप. पक्षाचें माप पाहावयाचें असेल तर कुलाब्यांतील आदर्श सोसायटीकडे पाहावें. 31 मजल्यांच्या ह्या इमारतीमुळें मुख्यमंत्री अशोक चव्हाण ह्यांना 2010 च्या नोव्हेंबरमध्यें पायउतार व्हावें लागलें. विरोधकांनीं आकाशपाताळ एक केलें. स्वपक्षानें मात्र त्यांना 2014 सालीं लोकसभेची उमेदवारी दिली आणि 2015 सालीं प्रांताध्यक्षपद दिलें. त्यांच्यावरील खटल्यास राज्यपालांनीं दिलेली परवानगी उच्च न्यायालयानें 2017 च्या डिसेंबरमध्यें रद्द ठरविली, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. मग आला 2024 चा फेब्रुवारी. संसदेंत मांडलेल्या श्वेतपत्रिकेंत पूर्वीच्या राजवटीच्या घोटाळ्यांत आदर्शचें नांव होतें; आणि त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत चव्हाण ह्यांनीं श्वेतपत्रिका मांडणाऱ्यांच्याच पक्षांत प्रवेश केला आणि राज्यसभा गांठली. जे 14 वर्षें आदर्श-आदर्श म्हणून कंठशोष करीत होते, त्यांचा कंठ एका रात्रींत बसला; आणि ज्यांना 14 वर्षें ती इमारत दिसली नव्हती, त्यांना तिचे 31 मजले एकाएकीं मोजतां येऊं लागले. चव्हाण दोषी कीं निर्दोष, हें ठरविणारे आम्ही कोण? पण त्यांचा दोष वा निर्दोषपणा एका पक्षांतून दुसऱ्या पक्षांत जातांना बदलूं शकत नाहीं, एवढें समजावयास न्यायाधीश असावें लागत नाहीं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण घरांत ठीक आहे. ती राज्यकारभाराचें सूत्र झाली म्हणजे घात होतो.

आपल्या रंगभूमीनें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. विजय तेंडुलकर ह्यांचें ‘घाशीराम कोतवाल’ 1972 च्या डिसेंबरांत पुण्यास प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांत शहराचा सारा क्षोभ शेवटीं घाशीरामावर कोसळतो; ज्यानें त्याला कोतवाली दिली, तो नाना मात्र सहीसलामत राहतो, इतकेंच नव्हे तर त्या क्षोभाचा धनीही होतो. हातास लागेल त्याला ठेचावें, आणि ठेचण्याची परवानगी देणाऱ्यालाच न्यायी म्हणावें, ही समूहाची खोड तेंडुलकरांनीं नेमकी पकडली आहे. नाटकावर वाद माजला तो मात्र नाना फडणिसांच्या चारित्र्यावरून आणि एका जातीच्या अब्रूवरून. ह्या आक्षेपांत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. ऐतिहासिक पुरुषाशीं नाटककारानें किती मोकळीक घ्यावी, ह्याची चर्चा अवश्य व्हावी. पण नाटक ज्या दुर्गुणाविषयीं होतें, तोच दुर्गुण प्रेक्षकांनीं नाटकाशीं वागतांना दाखविला. नेमणूक करणाऱ्याविषयीं प्रश्न विचारावयाचा सोडून आमची मंडळी आरशावरच संतापली.

इतरांचीं मापें एवढीं तपासल्यावर आमचें माप लपविणें बरें नव्हे. आमचें बालपण दादरांतील दोन खोल्यांच्या एका बिऱ्हाडांत गेलें. तें बिऱ्हाड वडिलांनीं पागडी देऊन घेतलें होतें. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यान्वयें पागडी घेणें हा मालकाचाही गुन्हा होता आणि जागा सोडतांना ती घेणाऱ्या भाडेकरूचाही. तरीही अर्धें दादर त्याच व्यवहारावर वसलेलें होतें. आईनें पितळी डब्यांतून नोटा काढून दोनदां मोजल्या होत्या. पावती मागावयाची नसते, हें वडिलांनीं आम्हांला त्याच दिवशीं शिकविलें. ते स्वतः कचेरींत एक पैसाही न घेणारे गृहस्थ होते, आणि सायंकाळीं त्याच गॅलरींत बसून मंत्र्यांच्या लांचखाऊपणावर तळमळीनें बोलत. आम्ही त्यांना ढोंगी म्हणणार नाहीं. भाडीं 1940 च्या मानानें गोठविलीं, नवीं घरें बांधलीं गेलीं नाहींत, मग ज्याला डोक्यावर छप्पर हवें त्यानें दुसरें काय करावें? 1999 च्या कायद्यानें हा व्यवहार शेवटीं वैध केला, म्हणजे सरकारनेंही तेंच कबूल केलें. मात्र एक प्रश्न उरतो. वडिलांना स्वतःच्या बाबतींत परिस्थिति दिसली. मंत्र्याच्या बाबतींत केवळ नीतिमत्ता दिसली. आपल्या पापाला कारणें असतात आणि दुसऱ्याच्या पापाला फक्त स्वभाव असतो, हा न्याय आम्ही त्या गॅलरींत शिकलों, आणि चष्मा पुसण्याची संवयही तेथलीच.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग ज्यानें पागडी दिली त्यानें मंत्र्याविषयीं बोलूंच नये काय? ही पळवाट भ्रष्टाचाऱ्यांस फार आवडते, म्हणून तिचें उत्तर स्पष्ट दिलें पाहिजे. बोलावें, अवश्य बोलावें. आरोप करणारा ढोंगी असला म्हणून आरोप खोटा ठरत नाहीं. पितळी डब्यांतील नोटा आणि परवान्यांचा बाजार ह्यांची तूलही होऊं शकत नाहीं. एक नडलेल्याचा दोष आहे, दुसरा सत्ताधाऱ्याचा. आमचें म्हणणें निराळेंच आहे. सोयीच्या संतापानें खरें नुकसान होतें तें भ्रष्टाचाऱ्याचें नव्हे, प्रामाणिक तक्रारदाराचें. आज कोणीही कागद घेऊन उभा राहिला, तर पहिला प्रश्न कागदांत काय आहे हा नसतो. हा कोणाचा माणूस, हा असतो. तो प्रश्न आम्हींच, गेल्या पन्नास वर्षांत, उजवीकडच्या आणि डावीकडच्या टाळ्यांनीं तयार केला. आरोप म्हणजे राजकारण, अशी समजूत एकदां रूढ झाली कीं आरोपीस बचाव करावयाचीही गरज उरत नाहीं. त्यानें फक्त पक्ष बदलावा.

उलटपक्षीं, सामंत आणि मृणालताई ह्यांसारख्यांनीं जें केलें तें कोणत्याही वेळीं करतां येण्यासारखें आहे. त्यांनीं कागद मिळविले, न्यायालयांत उभे केले आणि निकालाची वाट पाहिली. ह्या मार्गांत टाळ्या कमी, हेलपाटे फार. म्हणूनच त्या वाटेला गर्दी नसते.

त्या सभेच्या अखेरीस एका वृद्ध गृहस्थांनीं वक्त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “आपण आज जीं नांवें घेतलींत, त्यांतल्या प्रत्येकाचें पुढें काय झालें, तें सांगाल का?” वक्त्यांना बहुतेकांचें सांगतां आलें नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणालाच आलें नाहीं. तोंपर्यंत निम्मी मंडळी उठून चपला शोधूं लागली होती. त्या गृहस्थांना टाळी मिळाली नाहीं. पुढच्या वसंतांत तोच विषय पुन्हां निघेल, तेव्हां निदान ह्या एका प्रश्नाचें उत्तर घेऊन जावें, असें आम्हीं ठरविलें आहे. आणि चष्मा घरूनच पुसून जावा, असेंही.