‘हळवे’, ‘गुळचट’ आणि ‘भावविवश’ : तीन समीक्षाशब्दांचा विचार

भावनेच्या अतिरेकाचा दोष दाखविण्यासाठी मराठी समीक्षेत ‘हळवे’, ‘गुळचट’ आणि ‘भावविवश’ ही विशेषणे वारंवार योजिली जातात. पुष्कळदा ती समानार्थी समजली जातात आणि साहित्यकृतीवर अंतिम शेरा म्हणून येतात. परंतु शब्दकोशातील अर्थापेक्षा वाक्यातील त्यांचे स्थान तपासले, तर ती तीन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलतात असे दिसून येते. हा भेद लक्षात न घेतल्यास सामान्य वाचकाने जिव्हाळ्याने जपलेली साहित्यकृती एका विशेषणाने निकालात निघते आणि तिच्यातील गुणदोषांचा विचार व्हायचा राहून जातो.

‘गुळचट’ हा रुचीचा शब्द आहे. गोडी हा स्वतः दोष नव्हे. इतर चवी झाकून टाकणारी किंवा अस्थानी आलेली गोडी हा दोष होय. म्हणून ‘कथेचा शेवट गुळचट झाला आहे’ हे वाक्य सार्थ ठरते. त्यात कथेचा एक विशिष्ट घटक निर्दिष्ट झालेला असतो. ‘भावविवश’ हा शब्द व्यक्तीची अवस्था सांगतो. विवश होण्यास कोणीतरी असावे लागते. ‘कादंबरी भावविवश आहे’ या विधानात नेमके तेच हरवते. विवश कोण झाले? पात्र, निवेदक, लेखक की वाचक? हिंदीत एखादी व्यक्ती ‘भावुक’ झाली असे म्हणताना सहसा दोषारोप नसतो; मराठी समीक्षेच्या परिभाषेत मात्र ‘भावुक’ हा शब्दही बहुधा उणेपणाच सुचवितो. तुलनात्मक अभ्यासात हे अंतर विशेष ध्यानात ठेवावे लागते.

‘हळवे’ या शब्दाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. स्वभावाचा वाचक असलेला हा शब्द भातशेतीतही रूढ आहे. लवकर तयार होणारे भात ते हळवे आणि उशिरा तयार होणारे ते गरवे. या अर्थाचा आधार घेतल्यास समीक्षेला एक उपयुक्त कसोटी मिळते : प्रसंग पुरता पिकण्यापूर्वीच भावना कापणीला आली आहे काय? मात्र येथेही दोष गृहीत धरता येत नाही. ज्या जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही, तिच्यात हळवेच वाण उपयोगी पडते. कोणती जमीन, कोणता श्रोता, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (1935) या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाला हळवेपणाचा शेरा अनेकदा चिकटविला जातो. पुस्तकाची रचना कथनाची आहे. श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. त्यामुळे येथे दोन पातळ्या निर्माण होतात : घडलेला प्रसंग आणि त्यावरचे श्यामचे भाष्य. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात भाजीत मीठ नसताना वडील काही न बोलता जेवतात आणि आईला ते नंतर, स्वतः जेवताना कळते. हा प्रसंग कमालीचा संयत आहे. भावना शब्दांत नाही, न बोलण्यात आहे. त्यानंतर मात्र निवेदक दोघांच्या थोरवीची तुलना मांडतो आणि तात्पर्य सांगतो. भाव उचंबळतो तो येथे. पोहायला जाण्यास भिऊन लपणाऱ्या श्यामला शिंपटीने मारणारी आईही ‘हळवी’ या विशेषणात बसत नाही. तेव्हा ‘पुस्तक हळवे आहे’ यापेक्षा ‘प्रसंग संयत आहेत, निवेदक भावविवश होतो’ हे विधान अधिक नेमके ठरते. शिवाय हा निवेदक संस्कारक्षम श्रोत्यांशी बोलतो आहे, ही जमीनही विचारात घ्यावी लागते.

त्याच दशकात प्रकाशित होऊ लागलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शी (पहिला भाग 1934) तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने घरादाराला झालेला जाच, 1895 मध्ये ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेला वियोग, हे अनुभव श्यामच्या दुःखापेक्षा उणे नाहीत. परंतु लक्ष्मीबाईंची निवेदिका स्वतःकडेही मिस्कीलपणे पाहू शकते. ती तात्पर्य सांगत नाही. वाचकाला गहिवरण्यास मोकळे सोडते. फरक भावनेच्या परिमाणाचा नसून ती कोणी व केव्हा व्यक्त करावी याचा आहे.

आचार्य अत्रे यांचे उदाहरणही याच निष्कर्षाकडे नेते. ‘झेंडूची फुले’ (1925) या विडंबनसंग्रहात तत्कालीन कवितेतील कृतक भावविलासाची त्यांनी खिल्ली उडविली. त्याच अत्र्यांनी 1953 मध्ये ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. विडंबनाचा रोख भावनेवर नव्हता, उसन्या भावनेवर होता.

तात्पर्य, ही तिन्ही विशेषणे समीक्षेतून हद्दपार करण्याची गरज नाही. ती पूर्ण वाक्यात वापरण्याची गरज आहे. गुळचट काय, विवश कोण, हळवे कोणत्या जमिनीत, या प्रश्नांची उत्तरे ज्या वाक्यात मिळतात ते वाक्य समीक्षेचे. ज्यात मिळत नाहीत ते केवळ नापसंतीचे. अशा नापसंतीमुळे साहित्यकृतीचे फारसे बिघडत नाही. ती वाचून ज्याचे डोळे भरून आले, त्या वाचकाचा समीक्षेवरील विश्वास मात्र उडतो.