आध्यात्मिक युद्ध शोधायचं कुठे? 'स्मृतिचित्रे' संशोधकाच्या नजरेतून

सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं. विषयातला मुख्य शब्द घ्यायचा आणि तो कुठे कुठे येतो ते शोधत सुटायचं. समजा तुमचा विषय आहे 'मराठी ख्रिस्ती लेखनातील आध्यात्मिक युद्ध'. मग तुम्ही 'युद्ध', 'शस्त्र', 'सैनिक', 'विजय' शोधणार. सापडेलही पुष्कळ. १८८२ साली मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेच्या तर नावातच फौज आहे. पण अशा शोधातून हाती लागते ती लढाईची भाषा. लढाई स्वतः तिथे असेलच असं नाही.

माझं म्हणणं असं की या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात कसदार पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे, आणि ते या यादीत सहसा येत नाही. १९३४ पासून भागाभागाने निघालेलं हे पुस्तक आपण 'आत्मचरित्र' किंवा 'स्त्रियांचं लेखन' या खणात ठेवतो. 'विनोदी' म्हणून त्याचं कौतुक करतो आणि पुढे जातो.

हे म्हणणं टिकवायचं तर आधी संज्ञा पक्की करायला हवी. ख्रिस्ती परंपरेत या कल्पनेचा मुख्य आधार पौलाच्या नावावर असलेलं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. तिथे कंबरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार अशी सगळी सामग्री येते. वाचणाऱ्याचं लक्ष तलवारीकडे जातं. पण नीट बघा. सुरुवातीचं ग्रीक क्रियापद सहसा कर्मणी समजलं जातं, म्हणजे बळकट 'होणं' नव्हे, बळकट 'केलं जाणं'. चिलखतही सैनिकाचं स्वतःचं नाही. यशयाच्या ५९ व्या अध्यायात नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण खुद्द देव घालतो, तेच इथे माणसाला मिळालं आहे. झुंजीसाठी वापरलेला शब्द तर कुस्तीचा आहे. आणि आज्ञा पुन्हा पुन्हा एकच: उभे राहा. चढाई करा असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. या उताऱ्याच्या अगदी आधी नवरा-बायको, आईबाप-मुलं, धनी-दास यांनी एकमेकांशी कसं वागावं याबद्दलचा मजकूर आहे. म्हणजे चिलखत घालायला सांगितलं आहे ते घरातल्या माणसांना.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. वडिलांचं सोवळ्याचं वेड पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतं, आणि ते वाचताना हसू येतं तसा काटाही येतो. लग्न लहान वयात, नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, तापट, मनस्वी. न सांगता घर सोडून जाणारे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं जग दुभंगलं. पुढची काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यात पंढरपूरही आलं. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. एकाच घरात दोन धर्म, वेगळी चूल, वेगळं पाणी.

झुंज आहे ती इथे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःशीच सोडवतात. कोणी प्रवचन देत नाही, आकाशवाणी होत नाही. एकदा उत्तर मिळालं की मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरतं. शेजारी जिवंत माणसं आहेत, पण झुंज त्यांच्याशी नाही. अंगात मुरलेल्या विटाळाच्या भीतीशी आहे. पत्रातलं 'रक्तमांसाशी नव्हे' हे सूत्र मला इथे जितकं कळतं, तितकं विजयाच्या घोषणांमध्ये कळत नाही. बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे आचरण आधी बदललं आणि विधी मागून आला. तुमच्या प्रबंधात 'धर्मांतराची तारीख' असा रकाना असेल तर हा क्रम लक्षात घ्या.

पण याच पुस्तकात एक अवघड गोष्टही आहे. टिळक देवावर पूर्ण विसंबून राहणारे. हातात पैसा टिकत नसे, दाराशी आलेला परत जात नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. चरित्रकारांना यात श्रद्धेची उंची दिसते आणि ती आहेच. मात्र लक्ष्मीबाई वाचल्या की दुसरा हिशेब दिसायला लागतो. देव पुरवील असं नवरा म्हणतो तेव्हा संध्याकाळची चूल बायकोला पेटवायची असते. एकाचा भरवसा दुसऱ्याच्या अंगावर ओझं होऊन येऊ शकतो. त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, टिळकांची थट्टा करत सांगतात. त्यामुळेच अनेक समीक्षकांना ते फक्त विनोद वाटतं. मला तो विनोद हीच त्यांची उभं राहण्याची रीत वाटते. टिळकांवरचं प्रेम कुठेही कमी होत नाही, आणि त्यांना संतही केलं जात नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. लक्ष्मीबाई प्रसंग अप्रतिम सांगतात, पण प्रार्थनेत मनात काय चाललं होतं यावर थांबत नाहीत. 'देवाचं बळ मिळालं' ते नेमकं कसं जाणवलं, हे शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परताल. ती पोकळी सिद्धांताने भरून काढण्याचा मोह होईल. नका भरू.

इंदिरानगरात राहणाऱ्यांना शरणपूर रोड माहीत असतोच. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून परत नेणाऱ्यांत होता. वसाहतीचं नाव मात्र 'शरण' या शब्दावरून. आपल्याकडे 'शरण जाणं' म्हणजे हरणंही आणि आसरा घेणंही. तुकारामांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या टिळकांना हे दोन्ही अर्थ ठाऊक असणारच. तेव्हा शोधशब्दांच्या यादीत 'युद्ध' खुशाल ठेवा, पण 'शरण', 'आसरा', 'भरवसा', 'धीर' हेही घाला आणि मग 'स्मृतिचित्रे' पुन्हा पहिल्या पानापासून काढा.