लोकसल्लामसलत आणि माहितीचा अधिकार : एक चिकित्सा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकाचा मसुदा केंद्र शासनाने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ञ) ला कात्री लावणारी तरतूद त्यातच होती. महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये जनतेपुढे ठेवावीत, असे याच अधिनियमाचे कलम ४(१)(ग) सांगते. विधिपूर्व सल्लामसलतीच्या २०१४ च्या धोरणानुसार सूचनांचा गोषवाराही प्रसिद्ध होणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात, आलेल्या सूचना विश्वासाश्रित मानून उघड केल्या जाणार नाहीत, असे आरंभीच जाहीर झाले. लोकांना मोकळेपणाने लिहिता यावे, हे त्याचे कारण. संख्या तेवढी कळली : २१,६६६. या दुरुस्तीस किती जणांनी विरोध केला, कोणत्या उद्योगसमूहाने काय मागितले, हे कळण्याची सोय उरली नाही. नावे झाकून मजकूर प्रसिद्ध करता आला असता. (वैयक्तिक माहितीच्या रक्षणास निघालेल्या खात्यास ही युक्ती अपरिचित नसावी.)

२०२३ च्या अधिनियमाने सार्वजनिक कार्याशी संबंध नसण्याची मर्यादा कलम ८(१)(ञ) मधून गाळली. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताचा अपवाद शाबूत आहे, हे खरे. परंतु कोणतीही वैयक्तिक माहिती आता प्रथम नाकारता येते. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तत्पूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये नियमांच्या मसुद्यावर सूचना मागविल्या गेल्या, त्याही गोपनीयतेच्या याच अटीवर.