अमीन सयानी : तीन लिप्यांच्या घरातला आवाज

अमीन सयानी उर्दूचे निवेदक की हिंदीचे, हा वाद आम्हाला फिजूल वाटतो. ते हिंदुस्तानी बोलत. ही जबान त्यांना कोठून मिळाली हे पाहिले, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल कळते.

21 डिसेंबर 1932 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढीत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या मात्र तीन : उर्दू, देवनागरी आणि गुजराती. 1940 ते 1960 अशी वीस वर्षे हे काम चालले. त्यात अमीन आईला मदत करीत. वाक्य जड झाले की नवा वाचक अडतो, हा धडा त्यांना घरातच मिळाला असणार. रेडिओकडे त्यांना नेले ते थोरले बंधू हमीद यांनी. ते इंग्रजीतले नामवंत निवेदक होते.

1952 साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार बंद केले. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीतावरचे त्यांचे प्रेम अस्सल होते, पण सिनेमाचे गाणे त्यांना हलके वाटे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी 3 डिसेंबरला तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि टेप कोलंबोला जात. लोकांनी काय ऐकावे हे केसकर ठरवीत होते. लोकांना काय आवडते हे सयानी विचारीत होते. रेकॉर्डांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गाण्यांचे क्रम लागू लागले.

त्या क्रमाला त्यांनी शब्द दिला ‘पायदान’. टांग्यात चढताना पाय ठेवायची ती पायरी. मानाचे गाणे ‘सरताज गीत’. हे दोन्ही शब्द फारसीच्या अंगणातले, पण त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना बहिणींना अगोदर मान, हाही त्यांच्या अदबीचा भाग. त्यांचा तलफ्फुज साफ होता, परंतु त्यात विद्वत्तेचा तोरा नव्हता. सोपे बोलणे म्हणजे भाषा पातळ करणे नव्हे, हे त्यांनी आठवड्यामागून आठवडे सिद्ध केले. 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली आणि 1994 पर्यंत चालली. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

याच जबानीला चेहरा दिला तबस्सुम यांनी. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम दूरदर्शनवर 1972 ते 1993 चालला. तिथे हसू आणि डोळेही मदतीला होते. सयानींना सारे काही आवाजातूनच करावे लागे, म्हणून त्यांचे काम आम्हाला अधिक अवघड वाटते.

तरीही गौरवाच्या भरात दोन गोष्टी विसरू नयेत. गीतमाला ही अखेर टूथपेस्टची जाहिरात होती. जे जास्त खपले ते वर चढले; थोड्यांनाच भावलेल्या गाण्याला त्या पायऱ्यांवर जागा नव्हती. दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांना अधिक टोचते. आईचे ‘रहबर’ अक्षर वाचायला शिकवीत होते. मुलाचा कार्यक्रम ऐकायला. कानाने उर्दू लाखोंच्या घरी गेली, पण डोळ्यांना ती परकीच राहिली.

आपल्या मुलांच्या घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. ‘तुझी उर्दू अस्सल नाही, तुझी मराठी शुद्ध नाही,’ असे दोन्हीकडून ऐकून पोर गप्प बसते. त्या पोराला सयानींचा आवाज जरूर ऐकवावा. त्याच्या जिभेवरची भीती त्याने जाईल. लिपी मात्र रेडिओ शिकवणार नाही. उर्दू आणि देवनागरी दोन्ही त्याच्या हाती देणे हे कुलसुमबाईंचे काम होते, आणि ते आता आपल्याकडे आहे.