म्बुयिसाची धाव

दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत १६ जून १९७६ रोजी सॅम न्झिमा यांनी टिपलेल्या छायाचित्राची तुलना मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाशी करायची रीतच पडून गेली आहे. निपचित देह, त्याला पेलणारे हात, वर शोकाने व्यापलेला चेहरा. साम्य आहे खरं. तरी मला ते अर्धवट वाटतं. पिएतातली मेरी बसली आहे, कारण तिथे व्हायचं ते होऊन गेलंय. इथे मात्र डंगरी घातलेला अठरा वर्षांचा म्बुयिसा माखुबू पोलिसांची गोळी लागलेल्या बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला दोन्ही हातांवर घेऊन कॅमेऱ्याच्या रोखाने धावत सुटलाय. पोरगं वाचेल ही आशा असल्याशिवाय कुणी असं धावत नाही. पण त्याचा चेहरा बघा: आक्रोशाने पार वेडावाकडा झालाय. पायांना जे अजून ठाऊक नाही, ते चेहऱ्याला कळून चुकलंय. चित्राचा सगळा ताण मला या दोहोंत दिसतो.

शेजारी गणवेशातली अँटोनेट, हेक्टरची बहीण. भाऊ तिला आधी ओळखू आला तो बुटावरून, असं तिनेच पुढे सांगितलं. तिचा उंचावलेला उघडा पंजा कितीदाही पाहिला तरी कोणत्याच एका अर्थात बसत नाही. ती गोळी थोपवतेय, विनवतेय, की समोरचं खरं मानायलाच तयार नाही? एखाद्या चित्रकाराने हा हात नक्की काहीतरी ‘म्हणायला’ लावला असता.

पोलीस चौकटीत नाहीत, बंदूकही नाही. गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो मुलं त्या सकाळी रस्त्यावर उतरली होती. त्यांचे फलकही इथे दिसत नाहीत. संघर्षाचं प्रतीक ठरलेल्या चित्रात संघर्षाची एकही खूण नसावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

न्झिमांनी रोल मोज्यात लपवला आणि ‘द वर्ल्ड’ने त्याच दिवशी छायाचित्र छापलं. पुढच्याच वर्षी सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडलं. पोलिसांच्या धाकाने न्झिमा गावी परतले. स्वतःच्या चित्राचा स्वामित्वहक्क मिळायला त्यांना १९९८ साल उजाडावं लागलं.

त्या दिवशी पंधरा वर्षांच्या हेस्टिंग्ज न्डलोवूलाही गोळी लागली, आणि अनेकांच्या सांगण्याप्रमाणे ती हेक्टरच्या आधी. त्याच्या वाट्याला असं छायाचित्र आलं नाही. प्रतीक कोण होणार, हे कधीकधी कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरतं. ऐकायला कडू आहे, पण तसंच घडलं. १६ जून आता दक्षिण आफ्रिकेत युवक दिन आहे, आणि ऑर्लँडो वेस्टमध्ये २००२ साली उघडलेलं स्मारक-संग्रहालय हेक्टरच्या नावाचं. आपल्या भावाची हकिगत सांगत तिथे अँटोनेटने कित्येक वर्षं पाहुण्यांना फिरवलं.

म्बुयिसाच्या मागे पोलीस लागले. तो देश सोडून गेला. १९७८ मध्ये नायजेरियातून आईला पत्र आलं, ते शेवटचं. जगाने त्याला वीर ठरवलं तरी आईने ते कधी मानलं नाही. पडलेल्या पोराला उचलणं हे भावाचं कामच, ते त्याने केलं, एवढंच तिचं म्हणणं. हेक्टर तर त्याच्या नात्यातलाही नव्हता. या चित्राचे जेवढे अर्थ मी वाचलेत, त्यांत या बाईने लावलेला मला सर्वांत नेमका वाटतो.