गाडीची उंची

ग्रंथाला उंची असावी, असं समीक्षक म्हणतात. आमच्या एका स्नेह्यांनी ती गाडीला दिली. जुनी मारुती ऑम्नी, ७९६ सीसीची. तिला मागं एकेक जादा पाटा, पुढं ठोकळे. बेत काय, तर नरसी नामदेवला कयाधूकाठी तंबू ठोकायचा!

आता परीक्षण. इंजिन, ब्रेक, गंजलेला पत्रा यांची दुरुस्ती उत्तम, तिथं टाळी. उंची मात्र दिखाऊ. पाटे वाढवले की वर जाते ती बॉडी. मागचा आस नि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो. तो उचलायचा तर चाकंच मोठी हवीत, आणि हिची बारा इंची! शिवाय जोर फक्त मागच्या दोन चाकांना. काळ्या चिखलात त्यातलं एक घसरलं, की तेच गरगर फिरतं. दुसरं सोवळ्यातल्यासारखं स्वस्थ. वर, उंच गाडी वळणावर जास्त कलते, आणि आत पोरंबाळं असतात हो!

त्याच पैशांत चांगले टायर नि एक फावडं आलं असतं. ज्या नामदेवांचं हे जन्मगाव मानतात, त्यांनी पंढरपुरात पायरी होणं पसंत केलं. त्यांच्या गावी जायला एवढी उंची कशाला?