उतू जाणारे दूध : वात्सल्यरसाची एक उपेक्षित बाजू

वात्सल्य हा स्वतंत्र रस मानावा, की रतीचाच एक प्रकार समजून त्याला भावाच्या कोटीत बसवावे, हा आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना वाद आहे. भरताने सांगितलेल्या आठ रसांत वात्सल्याला स्थान नाही. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा दहावा रस म्हणून स्वीकारला आणि सोळाव्या शतकात रूपगोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधू’त भक्तिरसाच्या पाच मुख्य प्रकारांत त्याची गणना केली. या वादात नव्याने शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वात्सल्य रस ठरो वा न ठरो, त्याची सामग्री आपण ज्या रीतीने मांडली त्या मांडणीतच काही वगळले गेले आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

विश्वनाथाची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुत्रादी अपत्य हे आलंबन. त्याच्या चेष्टा, त्याची विद्या, त्याचे शौर्य ही उद्दीपने. आलिंगन, अंगस्पर्श, मस्तकाचे चुंबन, एकटक पाहणे, रोमांच आणि आनंदाश्रू हे अनुभाव. यादी सुरेख आहे, आणि खोटी तर मुळीच नाही. परंतु ज्या घरात दोन वर्षांचे एक आणि पाच वर्षांचे एक अशी दोन मुले आहेत, त्या घरातील दिवस कोणी या यादीशी ताडून पाहिला तर त्याच्या लक्षात येईल की, त्या दिवसाचा फार मोठा भाग यादीबाहेर राहतो. न्हाऊमाखू घालणे, भरवणे, बाळुती धुणे, निजवणे, निजलेल्याला थोरल्याच्या आवाजापासून जपणे, चुलीपासून दूर ठेवणे आणि हे सर्व चालू असता घरातील अन्य कामेही निभावणे, यांतील एकही गोष्ट अनुभावांत मोडत नाही. शास्त्रकाराने वात्सल्याच्या आश्रयाला डोळे दिले, ओठ दिले, रोमांचित होणारे शरीर दिले. काम करणारे हात मात्र दिले नाहीत.

हा दोष एकट्या विश्वनाथाचा नाही. त्याच्यापुढे जे काव्य होते त्यातही बालक बहुधा पाहिले जाते. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंत आश्रमातील बालकाला प्रथम पाहतो तो प्रसंग आठवावा. उगाच हसल्याने कळ्यांसारखे दिसणारे दात, बोबडे बोल, मांडीवर येऊन बसण्याची ओढ आणि मुलांच्या अंगावरील धुळीने ज्यांची मांडी मळते त्यांची धन्यता हे सारे दुष्यंताने एका श्लोकात टिपले आहे, आणि ते टिपणे अप्रतिम आहे. तथापि हे बालक दुष्यंताला वाढलेले सापडले आहे. त्याची वस्त्रे आजवर कोणी धुतली, हा प्रश्न राजाला पडण्याचे कारण नाही, आणि त्या क्षणी रसिकालाही तो पडत नाही. वात्सल्याचे सर्वांत निर्मळ उद्गार बरेचदा अशा दूर उभ्या असलेल्या मनुष्याच्या मुखी आलेले आहेत, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे.

याउलट ‘भागवता’च्या दशम स्कंधातील नववा अध्याय पाहावा. दामोदरलीला म्हणून तो सर्वांना परिचित आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो नीट वाचला जात नाही. आरंभीच पुराणकार सांगतो की, दासी अन्य कामांत गुंतल्या होत्या म्हणून यशोदा स्वतः दही घुसळीत होती, आणि घुसळताना बाळाच्या लीला आठवून गात होती. तेवढ्यात कृष्ण दूध प्यावयास येतो आणि रवी धरून तिचे घुसळणे थांबवतो. ती त्याला मांडीवर घेऊन पाजते. इतक्यात चुलीवरील दूध उतू जाऊ लागते. ती त्याला तसाच अर्धवट पाजलेला खाली ठेवते आणि चुलीकडे धावते. यापुढे जे घडते ते या एका क्षणातून घडते. मुलाचा राग, दगडाने फोडलेले दह्याचे भांडे, खोटे अश्रू, उलट्या उखळावर बसून वानराला लोणी चारणे, हाती छडी घेऊन आईचे मागे धावणे, मुलगा भ्यालेला पाहताच छडी टाकून देणे, आणि दोन बोटे अपुरी पडणारी ती दोरी हे सारे उतू जाणाऱ्या दुधाचे परिणाम होत.

टीकाकारांनी त्या दोन बोटांचा अर्थ लावला आहे : एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचे, दुसरे देवाच्या कृपेचे. हा अर्थ अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु तो अर्थ ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी घरकामाची आहे. घामाने भिजलेली, केस सुटलेली आई पाहून कृष्ण स्वतःला बांधू देतो. म्हणजे कृपा होते ती तिचे श्रम पाहून. आणि बांधून झाल्यावरही पुराणकार तिला त्या दर्शनसुखात उभी ठेवीत नाही. ती गृहकृत्यांत गुंतली आणि तेवढ्यात मुलाने अंगणातील दोन अर्जुनवृक्ष पाहिले, असे तो लिहितो. आई कामाला लागली की मूल नवा उद्योग शोधते, हा अनुभव घरोघरचा आहे. एकाच जोडीच्या हातांवर मुलाचा आणि कामाचा एकाच वेळी हक्क असतो, या ताणातून अध्यायाची सारी रचना निघाली आहे. वात्सल्याचा विचार आपण संयोग आणि वियोग या शृंगाराच्या मापांनी करीत आलो. पण त्याचा स्वतःचा असा मूळ ताण हाच असावा, असे मला वाटते. कृष्ण मथुरेला गेल्यावरचा वियोग थोर खराच, परंतु अर्धे पाजून खाली ठेवलेल्या मुलाचा वियोग दिवसातून दहा वेळा घडतो.

ज्या कवींनी हा ताण ओळखला त्यांचे बालक जिवंत राहिले आहे. तमिळमधील पेरियाळ्वार यशोदेच्या भूमिकेतून गातात तेव्हा ते एकेका कामाला धरून गातात : पाजावयास बोलावणे, कान टोचणे, न्हाणे, केस विंचरणे, फुले माळणे, दृष्ट लागू नये म्हणून रक्षा करणे. तेल आणि न्हाण्याचे साहित्य घेऊन ही यशोदा ताटकळत बसली आहे, आणि मूल येत नाही. ताटकळणे हा कोणत्याही यादीत नसलेला अनुभाव आहे. पुढे याच धाग्यातून ‘पिळ्ळैत्तमिळ’ हा काव्यप्रकार शास्त्रबद्ध झाला. मान उचलणे, टाळ्या वाजवणे, चालत येणे, चंद्राला हाक मारणे अशा दहा अवस्था त्यात ठरल्या, आणि देवाप्रमाणे देवीचे व गुरूंचेही बालपण त्या चौकटीत गायिले गेले.

सूरदासांची यशोदा तर आजच्या कोणत्याही आईने ओळखावी अशी आहे. दूध प्यालास तर शेंडी वाढेल, असे आमिष ती दाखवते, आणि मुलगा काही दिवसांनी हिशोब मागतो. तिच्या घरात मुले दोन आहेत, ही गोष्ट सूरदास कधी विसरत नाहीत. थोरला बलराम धाकट्याला ‘तू विकत घेतलेला’ म्हणून चिडवतो, धाकटा रडत येतो, आणि आईला गोधनाची शपथ घेऊन न्याय द्यावा लागतो. शास्त्रातील आलंबन एकवचनी आहे; घर मात्र अनेकवचनी असते. दुसरे मूल आले की वात्सल्यात वाटणी येते, आणि वाटणीबरोबर अन्यायही येतो.

आधुनिक गद्याने हा अन्याय पाहिला आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) मध्ये दहा महिन्यांचा अपू खालच्या हिरडीतील दोन दात दाखवून कारण नसता हसतो. कालिदासाचाच हा हास्यविशेष; परंतु येथे तो एका दरिद्री घरात येतो, आणि सर्वजया तो काम करता करता पाहते. तिचा जीव अपूकडे अधिक ओढतो आणि हात दुर्गावर अधिक उठतो, हे लेखक लपवीत नाही. आई घाटावर गेलेली असताना दुर्गा अपूकडून तेल-मीठ चोरून मागवते, कैऱ्या कालवते, आणि आईचा आवाज येताच दोघे घाईघाईने तोंडातले गिळतात. आईच्या दृष्टीआड दोन मुलांचे जे एक स्वतंत्र राज्य असते, त्याचे याहून खरे चित्र मी वाचलेले नाही. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये (१९३३) तर वात्सल्याची दिशाच उलटते. चार-पाच वर्षांचा हामिद मेळ्यातील खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेतो. कारण तव्यावरची पोळी उचलताना तिची बोटे भाजतात, हे त्याने पाहिलेले आहे. काम करणारे हात शास्त्राने पाहिले नाहीत; ते या मुलाने पाहिले.

रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ (१८९२) याहून निराळ्या जागी उभी आहे. पाच वर्षांची मिनी बडबडत येते ती वडिलांच्या लेखनाच्या खोलीत, ते कादंबरीचे सतरावे प्रकरण लिहीत असताना. आई तिला पुष्कळदा दटावून गप्प करते, वडिलांना तिचे मौन सोसवत नाही. कथा थोर आहे यात संशय नाही. परंतु आईला मिनीचा बोल नकोसा का होतो, याचे उत्तर कथेच्या बाहेर, घराच्या आतल्या भागात आहे. दिवसभर ज्याने ती बडबड ऐकलेली नाही, त्याला ती गोड लागणे सोपे असते. आधुनिक भारतीय साहित्यातील कितीतरी मुले अशी लेखनाच्या खोलीच्या दारातून आत आलेली आहेत.

आपल्या मराठीकडे वळल्यावर काय दिसते? ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी बापाच्या ताटात शिरून बापालाच भरवू लागणारे मूल दाखवले आहे, आणि बाप संतोषाने तोंड पुढे करतो. मुलाला भरवणे हे काम, आणि त्या कामात मुलाने केलेली लुडबुड, दोन्ही एका दृष्टांतात आली आहेत. अर्वाचीन कवितेत मात्र मूल बहुधा संकटाच्या क्षणी प्रवेश करते. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मध्ये ते मृत आहे, बींच्या ‘माझी कन्या’मध्ये ते दारिद्र्याच्या अपमानाने रडत आहे. दोन्ही कविता आपल्या जागी अढळ आहेत. पण ज्या दिवशी कोणी मेले नाही आणि कोणाचा अपमान झाला नाही, असा साधा दिवस या कवितेला फारसा गवसला नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात घरकाम जागोजाग आहे. तथापि तेथे प्रत्येक काम संस्काराकडे वळते. पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो तेव्हा आई पदर पसरते, आणि त्या पदरावरून मनाच्या शुद्धीचा धडा सुरू होतो. तो धडा खरा आहे. पण धड्यात न बसणारे श्रम स्मरणातून गळून पडतात, हेही तितकेच खरे.

हे श्रम आणि मूल यांना एकत्र ठेवणारा प्रकार मराठीत फार पूर्वीपासून होता, आणि तो म्हणजे जात्यावरची ओवी. याच साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचकांपुढे येत आहेत. ओवीतील बाळाला राजा, चंद्र, मोती म्हटलेले असते, यावरून ती केवळ लाडाची कविता आहे असा समज होतो. परंतु ती कोठे जन्मली ते विसरून चालणार नाही. पहाटेच्या अंधारात जाते फिरते आहे, मूल मांडीवर किंवा शेजारी निजले आहे, आणि ते उठण्याच्या आत दळण संपवावयाचे आहे. तिचा आखूडपणा, तिचे पुन्हा पुन्हा त्याच शब्दाशी येणे, कोठेही थांबता येईल आणि कोठूनही पुढे धरता येईल अशी तिची बांधणी, हे सारे जात्याच्या फेऱ्याने आणि मूल जागे होण्याच्या शक्यतेने घडवले आहे. घुसळताना गाणारी यशोदा आणि दळताना गाणारी ही बाई यांच्यात मला भेद दिसत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा आग्रह समाजशास्त्राचा आहे, साहित्याचा नव्हे. कामांची जंत्री म्हणजे कलाकृती नव्हे. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–१९३७) पुढे ठेवावेसे वाटते. लक्ष्मीबाई कामांची जंत्री देत नाहीत. त्यांचे वाक्य मात्र अशा बाईचे आहे जिला एक गोष्ट पुरी सांगून होण्यापूर्वी दुसरीकडे लक्ष द्यावे लागते. मुलाचे दुखणे, स्वयंपाक, पतीचा लहरी स्वभाव आणि स्वतःची फजिती ही त्यांत एका श्वासात येतात, आणि दुःखाला मोठे होण्याची सवड न मिळाल्यानेच त्यातून हसू फुटते. व्यत्यय हा येथे शैलीचा धर्म झाला आहे. ओवीचा आखूडपणा, भागवतातील तो मोडलेला प्रसंगक्रम आणि लक्ष्मीबाईंचे वाक्य या तिन्ही ठिकाणी घरातील श्रम रूपात उतरले आहेत. तेव्हा प्रश्न वाङ्मयबाह्य राहत नाही. तो लयीचा प्रश्न होतो.

जाते बहुतेक घरांतून गेले, चुलीच्या जागी शेगडी आली, आणि काही घरांत बापही आता मूल कडेवर घेऊन भाजी ढवळतो. ताण मात्र तोच आहे. या घराविषयी लिहिले जाईल तेव्हा समीक्षेने वात्सल्य किती उत्कट आहे एवढेच विचारून थांबू नये. ते वात्सल्य कोणाचे, आणि त्या वेळी त्याचे हात कशात होते, हेही विचारावे. भागवतकाराला हा प्रश्न विचारला असता तर त्याने उत्तर दिले असते. त्याला ठाऊक होते की, दूध उतू गेले तेव्हा यशोदा मुलाचे हसरे मुख पाहत होती, आणि तरीही ती उठली.